परतीचा पुकारा

पुकारा संपला की चाचा माईक मांडीवर ठेवायचे, रिक्षाचं इंजिन बंद करायचे आणि गप्प बसून राहायचे. एक कप चहा पिऊन व्हावा एवढा वेळ. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा मला वाटलं, पेट्रोल संपलं. इतर भोंगेवाले बोलत बोलत गावातून असे सुसाट जायचे, की अर्धं वाक्य एका गल्लीला मिळायचं आणि उरलेलं दुसरीला. चाचांचं तसं नव्हतं. "आपण सांगितलं, आता त्यांना विचारू द्या," असं म्हणून ते टोपी काढून निवांत डोकं खाजवत बसायचे. मग एखादा म्हातारा काठी टेकत यायचा आणि विचारायचा, "चाचा, या गादीमा कापूस शे का चिंध्या?" चाचा उत्तर द्यायचे. विचारणारे संपले, की इंजिन सुरू.

धुळ्यात आणि धुळ्याभोवतीच्या गावांत त्यांना पुकारवाले चाचा म्हणत. खरं नाव वेगळं होतं, पण ते रेशनकार्डाखेरीज कुठे वापरात नसावं. तीनचाकी रिक्षा, टपावर दोन भोंगे, त्यांतल्या एकाला पोचा आलेला. सर्कस, साड्यांचा सेल, डोळ्यांचं शिबिर, कपाशीचं नवं बियाणं, उद्या नळाला पाणी येणार नाही, अशा सगळ्या बातम्या त्या दोन भोंग्यांतून गावोगाव जायच्या. घरी चाचीशी ते मोहल्ल्यातली हिंदी बोलायचे, माझ्याशी मराठी, आणि माईक हातात आला की अस्सल अहिराणी. "आयका हो भाऊ, आयका वं माय! मी धुयाना पुकारवाला चाचा बोली राह्यनू!" एवढं कानावर पडलं की बायका हातातलं पीठ तसंच ठेवून ओट्यावर यायच्या.

मी तेव्हा एका मोबाइल कंपनीचा एरिया मॅनेजर होतो. होतो कसला, अजूनही आहे. फक्त आता जळगावला असतो आणि माझ्या हाताखाली आणखी चार माणसं आली आहेत. हे मुद्दाम सांगतो, कारण चाचांबद्दल लिहायला बसलो की आपण कुठे बसून लिहितोय ते मला विसरता येत नाही.

चाचांचा एक नियम होता. जी वस्तू स्वतःच्या घरात वापरून पाहिली नाही, तिचा पुकारा करायचा नाही. गादीवाला आला, की आधी एक गादी चाचांच्या घरी. लोणच्याची बरणी, गॅसची शेगडी, पायपुसणं, काहीही असो, आठ-पंधरा दिवस ते चाचांच्या घरात राहायचं आणि चाची त्याची परीक्षा घ्यायची. ती कडक होती. एका पंख्यावाल्याला तिने नापास केलं, कारण पंखा आवाज जास्त करत होता आणि वारा कमी. "आमच्या यांच्यासारखाच आहे," ती म्हणाली, आणि चाचा स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसले. सर्कस आली तर आधी दोघं जाऊन सर्कस बघून यायची. निवडणुकीचा पुकारा मात्र त्यांनी कधीच घेतला नाही. फार आग्रह झाला तेव्हा एका उमेदवाराच्या माणसाला म्हणाले, "साहब, वस्तू आठ दिवस घरी ठेवून बघता येते. तुमच्या माणसाला चाची घरात ठेवायला तयार नाही."

दुसरा नियम असा, की हरवलेलं पोर आणि गेलेला माणूस, या दोन पुकाऱ्यांचे पैसे घ्यायचे नाहीत. कुणी बळेच खिशात कोंबले तर रागवायचे. गावच्या यात्रेत त्यांचा भोंगा लागलेला असला, की आयाबाया निर्धास्त असत. अमक्या रंगाचा सदरा, तोंडाला गूळ लागलेला, बापाचं नाव सांगता येत नाही, असं वर्णन ते इतक्या मायेनं करायचे, की ज्यांची पोरं हरवलेली नसत त्यासुद्धा एकदा आपलं पोर चाचपून बघत.

आता आमच्या फोनविषयी सांगतो. कंपनीने स्वस्तातला नवा स्मार्टफोन काढला. त्यात आमचंच सिम चालायचं, दुसऱ्याचं घातलं तर फोनचा नुसता आरसा व्हायचा. मुंबई-पुण्यात त्याचे मोठाले फलक लागले, टीव्हीवर एक नटी तो हातात घेऊन गिरक्या घेऊ लागली. आमच्या खानदेशच्या वाट्याला काय आलं? पोस्टरचं एक खोकं. पोस्टरवर लोकरीचं स्वेटर घातलेली मुलगी बर्फात उभी राहून फोनवर बोलत होती. आणि दिवस वैशाखाचे! साक्रीच्या डीलरने ते पोस्टर निरखून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, ही कुल्फीची जाहिरात आहे का?" मग त्याने ते दुकानाच्या काचेला उलटं चिकटवलं, ऊन अडवायला. दुकानात उभं करायचं पुठ्ठ्याचं चित्र फोन येऊन दोन महिने झाल्यावर आलं. डीलरना दुसऱ्या कंपन्यांच्या फोनवर जास्त सुटायचं, म्हणून आमचा फोन काउंटरच्या खालच्या फळीवर, चार्जरच्या गुंडाळ्यांशेजारी पडून असायचा. वरून मात्र रोज सकाळी एकच विचारणा, टार्गेट किती झालं? बाजार भरेल तिथे छत्री लावून बसा, असंही फर्मान आलं. छत्री काही आली नाही.

वैतागून मी चाचांकडे गेलो. माझ्या हातातला डबा बघून त्यांनी चाचीला हाक मारली, "अरी सुनती हो, नया मेहमान आया है."

चाचीनं फोनची परीक्षा मनापासून घेतली. मालेगावच्या बहिणीला फोन लावून तिचा चेहरा पडद्यावर पाहिला आणि दोघी आधी रडल्या, मग भांडल्या. कणीक मळलेल्या हातांनी बोलली. फोन एकदा ओट्यावरून खाली पडला, तो मुद्दाम पाडला होता असा मला अजून संशय आहे. चाचा रोज संध्याकाळी तिच्याशेजारी बसून त्यावर कव्वाली ऐकायचे. शेवटी चाचीनं निकाल दिला, "चांगला आहे. पास." चाचांनी तो फोन परत दिला नाही, विकत घेतला. पास झालेली वस्तू विकत घ्यायची, हाही एक नियमच होता.

माझ्या डोक्यात मात्र निराळं शिजत होतं. एक चाचा किती गावांत जाणार? त्यांचा आवाज एकदा भरून घेतला आणि पेनड्राइव्हमध्ये घालून दहा रिक्षांना वाटला, तर माझ्याकडचे दोन्ही जिल्हे पालथे घालता येतील. चाचांना ते पटलं नाही. "साहेब, मी रिक्षात बसलेला असतो म्हणून लोक मला विचारतात. पेनड्राइव्हला काय विचारणार?" मी बराच वेळ समजूत घातली. माझ्या नोकरीचं सांगितलं, घराचे हप्ते सांगितले. हप्ते ऐकून ते तयार झाले. माणूस अडचणीत आहे असं दिसलं की त्यांचा नियम थोडा वाकायचा, हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच मी हप्ते सांगितले.

एका लग्नाच्या शूटिंगवाल्याच्या खोलीत आवाज भरला. त्याआधी बाहेर पायरीवर बसून चाचांनी मला विचारलं, "गावाकडे चालेल ना हो हा?" मी म्हटलं, "टॉवर होतायत म्हणे. दिवाळीपर्यंत होतील, असं वरचे सांगतात." हे खोटं नव्हतं. वरचे सांगत होतेच. पण त्या वरच्यांना साक्रीच्या पुढचा डोंगर नकाशावरसुद्धा दाखवता आला नसता, हे मला माहीत होतं, आणि ते मी बोललो नाही. चाचा आत गेले. कंपनीनं पाठवलेला कागद त्यांनी बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि आपल्या पद्धतीनं बोलत गेले. "मना घरमा वापरी दखा, मंग तुमले सांगस. मनी बायकोनी पास करा. हाऊ फोन मना घरमा चालना, तुमना गावमा बी तसाच चाली!"

ते शेवटचं वाक्य आलं तेव्हा मी काचेच्या पलीकडे उभा होतो. हात वर करून थांबवायला हवं होतं. पण वाक्य असं काही ठसक्यात आलं होतं, की शूटिंगवाल्या पोरानंही मान डोलावली. मी विचार केला, दिवाळीपर्यंत तर होणारच आहेत टॉवर. आणि नाही थांबवलं.

पेनड्राइव्ह घेऊन दहा रिक्षा फिरल्या आणि फोन धडाधड खपले. जिथे नटीला कुणी ओळखत नव्हतं तिथे चाचांना सगळे ओळखत होते. खालच्या फळीवरचे डबे वर आले, डीलर मला चहाबरोबर नानकटाई देऊ लागले. नाशिकला मोठ्या हॉटेलात मला स्टेजवर बोलावून शाल दिली. गावाकडच्या विक्रीचं तुमचं तंत्र काय, असं एका साहेबांनी विचारलं तेव्हा मी 'स्थानिक भाषा' वगैरे काहीतरी बोललो. चाचांचं नाव घेतलं नाही. ती शाल आमच्या कपाटात आहे, बायको थंडीत काढते.

दिवाळीच्या तोंडावर कंपनीला आणखी एक फेरी हवी होती. साक्रीच्या पुढच्या गावांत चाचा स्वतः निघाले, आणि गर्दी बघायची म्हणून मीही त्यांच्याशेजारी बसलो. डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात त्यांनी पुकारा केला, माईक मांडीवर ठेवला, इंजिन बंद केलं. कुणी पुढे येईना. माणसं ओट्यांवरून बघत होती, पण जागची हलत नव्हती. चाचांनी टोपी काढली, पुन्हा घातली. असं कधी होत नसे.

मग एका घरातून एक म्हातारी हातात स्टीलचा डबा घेऊन बाहेर आली. तिला गावात सुपडाअक्का म्हणत, हे नंतर कळलं. तिने डबा उघडला. आत पोळ्यांच्या फडक्यात गुंडाळलेला आमचा फोन होता, पडद्यावरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा न काढलेला.

"चाचा, यात्रामा तुना भोंगावर मना पोऱ्या सापडना व्हता," ती म्हणाली. "म्हनीसन मी हाऊ फोन लिधा. तोच पोऱ्या आते सुरतले शे. त्याले पोऱ्या व्हयना, मना नातू. मी त्यानं तोंड दखं नही अजून. हाऊ फोन काही दखाडस नही."

चाचांनी फोन हातात घेतला. वरच्या कोपऱ्यात टॉवरच्या जागी नुसती फुली होती. ते माझ्याकडे बघतील म्हणून मी आधीच नजर डोंगराकडे फिरवली होती. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"काय व्हयनं, अक्का?" त्यांनी विचारलं.

"तूच त्याले सांग ना," सुपडाअक्का म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता; सगळं गाव ज्याचं ऐकतं त्याचं फोनही ऐकेल, असं तिला खरंच वाटत होतं. "तुनं बठ्ठं गाव आयकस. हाऊ बी आयकी."

ओट्यावरची दोन-तीन पोरं हसली. चाचा हसले नाहीत. त्यांनी फोन पुन्हा फडक्यात गुंडाळला, डब्यात ठेवला, झाकण नीट बसवलं आणि डबा अक्काच्या हातात दिला.

परतताना धुळं येईपर्यंत मीच बोलत होतो. टॉवरचं, कंपनीचं, वरच्यांचं. शिव्याही दिल्या वरच्यांना. घराशी रिक्षा थांबवल्यावर म्हणाले, "चूक माझीच आहे साहेब. मी माझ्या घरात बघितलं. माझं घर धुळ्यात. तिच्या घरात जाऊन कुठे बघितलं मी?" आतून चाचीनं ते ऐकलं आणि दाराशी येऊन म्हणाली, "पास तर मी केला होता." दोघं नवराबायको माझ्यासमोर उभी राहून चूक कुणाची यावर हुज्जत घालत होती, आणि त्या हुज्जतीत माझं नाव दोघांपैकी कुणाच्याही तोंडी येत नव्हतं. मी तिथे उभा होतो. मला एवढंच म्हणायचं होतं, की मला माहीत होतं. तोंडातून निघालं ते असं, "चला, निघतो मग."

दोन दिवसांनी चाचा माझ्याकडे आले आणि म्हणाले, मी परत जातोय, त्याच गावांत. पुकारा चुकला म्हणून सांगायला. मी हादरलो. म्हटलं, चाचा, असं कुणी करत नाही. कंपन्या वस्तू आणतात, नाही चालली तर गुपचूप बंद करतात. लोक विसरतात.

"सुरू करताना भोंगा लावता," चाचा म्हणाले, "मग बंद करताना का नाही लावत?"

निदान पेट्रोलचं तरी मी बघतो, असं म्हणून मी खिशात हात घातला. त्यांनी माझं मनगट धरलं. "हा मयताचा पुकारा आहे साहेब. याचे पैसे नसतात." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही येऊ नका बरोबर. कुणी बघितलं तर नोकरी जाईल तुमची."

आणि मी गेलो नाही. ते सकाळी निघाले तेव्हा मी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर उभा होतो. पोचा आलेला भोंगा वळणावरून दिसेनासा होईपर्यंत बघत राहिलो आणि मग ऑफिसात जाऊन टार्गेटची शीट भरली.

पुढचं मला साक्रीच्या डीलरनं सांगितलं. तो भयंकर चिडला होता, पण सांगताना त्याचाही आवाज खाली आला. चाचा गावोगाव गेले. एरवीसारखाच पुकारा केला, शेवटी माईक मांडीवर ठेवून तसेच गप्प बसले. त्या दिवशी मात्र लोकांनी विचारलं. काहींनी शिव्याही घातल्या. चाचा ऐकून घेत राहिले. डोंगराच्या पायथ्याच्या गावात गेल्यावर त्यांनी सुपडाअक्काला रिक्षात बसवलं, साक्रीपर्यंत आणलं आणि जिथे टॉवर लागतो तिथे बसस्टँडच्या बाकावर बसून सुरतला फोन लावून दिला. म्हातारीनं नातू पाहिला. पडद्यावरून हात फिरवायला गेली तर फोनच बंद झाला, पुन्हा लावावा लागला. त्यानंतर त्या बाजूला गेले की चाचा दर वेळी तिला साक्रीला आणायचे आणि संध्याकाळी घरी सोडायचे.

चाचांचा धंदा बसला तो तिथून. गादीवाला येईना, बियाणंवाला येईना. जो माणूस आज पुकारा करतो आणि उद्या तो मागे घ्यायला स्वतःच्या खर्चानं निघतो, त्याच्या हाती आपला माल कोण देणार? गावातले लोक त्यांना पूर्वीपेक्षा जास्त मानू लागले होते, पण गावातले लोक पुकारे देत नाहीत, ऐकतात. रिक्षा स्टँडवर लागू लागली, पॅसेंजर भरू लागली. भोंगे टपावर होतेच, ते फक्त हरवलेल्या पोरांसाठी आणि गेलेल्या माणसांसाठी वाजायचे. आमच्या कंपनीनं वर्षभरात तो फोन बंद केला. आणताना नटी नाचली होती, बंद करताना आम्हाला दोन ओळींचा मेल आला. मला बढती मिळून जळगाव मिळालं. निरोप घ्यायला गेलो तेव्हा चाचांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "हप्ते फिटले का?" त्यांनी खरोखर काळजीनं विचारलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेल्या वर्षी चाचा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही साक्रीच्या डीलरकडून. मशिदीवरून सांगितलं, मोहल्ला जमला, दफन झालं. गावांना मात्र कळलंच नाही. गावांना सांगणारा तोच गेला होता. डोंगराकडची माणसं पुढे कितीतरी दिवस साक्रीला आली की फोन करून चाचीला विचारत होती, चाचा का येत नाहीत?

यंदा उन्हाळ्यात मी कामासाठी जळगावजवळच्या नशिराबादला गेलो होतो. हायवेला लागून एक मोबाइलचं दुकान आहे. गाडीतून उतरतोय तोच कानावर आलं, "आयका हो भाऊ, आयका वं माय!" दुकानदाराने कुठूनतरी आमचा जुना पेनड्राइव्ह मिळवला होता. चाचांचा आवाज आणि मध्येच कुणा दुसऱ्याच्या आवाजात नव्या फाइव्ह-जी फोनचं नाव घुसवलेलं, आणि पुन्हा चाचा, "तुमना गावमा बी तसाच चाली!" मी आत जाऊन म्हटलं, हे बंद करा. तो म्हणाला, "का साहेब? आवाज फर्स्टक्लास शे. गिऱ्हाईक थांबतं." मी म्हटलं, ते गृहस्थ वारले. "अरेरे," तो म्हणाला आणि आवाज बंद केला. मी गाडीत बसून निघालो, आणि पुलाच्या अलीकडेच मागून पुन्हा चाचा बोलू लागले. मी गाडी वळवली नाही. आणखी किती दुकानांत तो आवाज असा फिरतोय, मला माहीत नाही. त्याच्या नकला काढून वाटणारा मीच होतो.

त्याच आठवड्यात मी धुळ्याला चाचीकडे गेलो. जायला फार उशीर केला होता. रिक्षा दारात उभी होती, भोंग्यांवर कुणीतरी गोणपाट टाकलं होतं. चाचीनं मला ओळखलं, बसायला सतरंजी घातली. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "साहेब, तुमच्याकडे यांचा आवाज असेल ना? तुम्ही भरून घेतला होता. माझ्याकडे फोटो आहेत, आवाज नाही."

माझ्या फोनमध्ये होता. मी कधी पुसला नव्हता आणि कधी ऐकलाही नव्हता. मी फोन तिच्यासमोर ठेवला आणि सुरू केला. "आयका हो भाऊ..." चाचीनं ओढणी डोक्यावर नीट घेतली आणि डोळे मिटले. "मनी बायकोनी पास करा" आलं तेव्हा तिला हसू आलं. पुढचं वाक्य सुरू होताच मात्र तिने डोळे न उघडता आपला तळहात फोनवर दाबून धरला. पाहुण्यांसमोर पोर भलतंच काही बोलायला लागलं की आई त्याच्या तोंडावर हात ठेवते ना, तसा. हाताखालून नुसता घोगरा आवाज येत राहिला. वाक्य संपल्यावर तिने हात उचलला.

मी म्हटलं, "चाची, एवढं वाक्य काढून टाकता येतं. मी काढून आणून देतो."

"नको," ती म्हणाली. "काढलं तर वाटेल, ते कधी चुकलेच नाहीत. ते चुकले, आणि सांगायला गेले. आता ते दुसरं लावा. परत सांगायला गेले होते, ते."

"ते माझ्याकडे नाही, चाची."

"कुणाकडे आहे?"

"कुणाकडेच नाही. ते भरून घेतलं नव्हतं."

चाचीनं फोनचा काळा पडदा ओढणीच्या टोकानं पुसला. मग म्हणाली, "तुम्ही होता ना बरोबर? काय म्हणाले होते ते?"

मी बरोबर नव्हतो. पण साक्रीच्या डीलरनं ते शब्द मला इतक्या वेळा सांगितले होते, आणि मी ते मनात इतक्या वेळा ऐकले होते, की मला पाठ होते. अहिराणी माझ्या आजीची भाषा. नोकरी लागल्यापासून मी ती तोंडात घेतलेली नाही. मी ताठ बसलो. पाणी प्यायलो आणि त्या छोट्याशा खोलीत बोलायला लागलो.

"आयका हो भाऊ, आयका वं माय. मांगे मी तुमले सांगं व्हतं, हाऊ फोन तुमना गावमा बी तसाच चाली. ते खोटं निंघनं. मी मना घरमा दखं, तुमना घरमा दखं नही. चूक मनी शे. आते कोनी हाऊ फोन लेऊ नका. काही इचारनं व्हई तं इचारा, मी आठेच शे."

बोलून झालं. चाचीनं या वेळी हात पुढे केला नव्हता. मग चाचांच्या पद्धतीप्रमाणे मी गप्प बसून राहिलो, कुणी काही विचारेल म्हणून. चाचीनं काहीच विचारलं नाही. ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली.